वरच्या मजल्याची मालकीण

शैलाताई साठे नव्या माणसाला "मूळचे कुठले?" असं कधी विचारायच्या नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "तिकडे घर आहे का?" समोरचा हो म्हणाला की लगेच दुसरा, "भाड्यानं दिलंय?" गणपतीच्या जेवणात, हळदीकुंकवात, एकदा तर बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून त्यांनी बाळाच्या वडिलांना हे विचारलेलं मी ऐकलं आहे. कुणाला वाटे बाई भोचक आहेत, कुणाला वाटे दलाली करतात. दोन्ही खरं नव्हतं. घर भाड्यानं देणारी माणसं कर भरायचा विसरतात आणि मग दोन-तीन वर्षांनी रडत येतात, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांना राहवायचं नाही.

जपानात, ग्योतोकु स्टेशनजवळ एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर एका वयस्कर जपानी करसल्लागाराचं लहानसं ऑफिस होतं. त्यांना सगळे सेन्सेई म्हणत, आपण सर म्हणतो तसं. शैलाताई तिथे नोकरीला होत्या. पुण्यात त्या सीए झाल्या होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्यावर पहिली काही वर्षं घरात गेली, मग भाषा शिकल्या, मग इथला कायदा. सही सेन्सेईंची असायची, पण दारातून भारतीय माणूस आत आला की सेन्सेई नुसते शैलाताईंच्या टेबलाकडे हात करायचे.

मी पहिल्यांदा त्या टेबलापुढे बसले ती बाणेरच्या माझ्या फ्लॅटपायी. आम्ही नुकतेच ओजिमाहून ग्योतोकुला राहायला आलो होतो. फेब्रुवारी होता, अंगावरचा जाड कोट मी काढलासुद्धा नव्हता.

"भाड्यावरचा टॅक्स पुण्यात भरलाय आम्ही," मी जरा ताठ्यातच म्हटलं. "मग इथे काय संबंध?"

"जपानमध्ये किती वर्षं झाली तुला?"

"सहावं चालू आहे."

"मग आला संबंध. पहिली पाच वर्षं हा देश तुला पाहुणी समजतो. तिकडचे पैसे तिकडेच ठेवलेस तर विचारत नाही. त्यानंतर घरची समजतो. घरच्या माणसानं सगळं सांगायचं असतं."

"म्हणजे दोनदा भरायचा?"

"दोनदा सांगायचा. तिकडे भरलेला बराचसा इथे वजा मिळतो. तो मिळवून द्यायलाच मी बसलेय." असं म्हणून त्यांनी एक संत्रं सोललं आणि फोडी माझ्यापुढे ठेवल्या. "खा. मी कागद वाचते तोवर हाताला काहीतरी असू दे. हात रिकामे असले की माणसं थापा मारायला लागतात."

काम संपवून मी जिन्यापर्यंत गेले तर मागून हाक आली, "अगं, हे देशाचं झालं. शहराचं राहिलं ना!" हे त्यांचं पालुपद होतं. आयकर देशाचा. त्याच उत्पन्नावर शहराचा रहिवासी कर वेगळा, त्याचं पाकीट उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं. इथे घर घेतलं असेल तर घरपट्टी, तीही शहराची. लोक पहिला भरून सुटलो म्हणत आणि दुसऱ्याचं पाकीट आलं की हबकत. "आणि शहराचं?" हे शैलाताई इतक्या वेळा म्हणायच्या की आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधली टवाळ मुलं त्यांच्या माघारी त्यांना 'शहराच्या ताई' म्हणत. त्यांना ते कळलं तेव्हा त्या खो खो हसल्या. त्यांचं हसणं मोठं होतं. त्या शांत ऑफिसात ते फुटलं की सेन्सेईंचा चष्मा नाकावरून घसरायचा.

एकदा योकोहामाहून एक गृहस्थ आले. मोठ्या हुद्द्यावरचे, हिंजवडीला दोन फ्लॅट. त्यांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, पुण्यातलं भाडं जपानला कसं कळणार हो? कोण बघतंय?"

"मला कळलं ना आत्ता," शैलाताई म्हणाल्या. "आता खरं लिहा, नाहीतर दुसरं ऑफिस बघा."

ते तरातरा निघून गेले. चार दिवसांनी परत आले ते बँकेचे सगळे कागद आणि वर पेढ्यांचा डबा घेऊन. मला वाटलं शैलाताई डबा परत करतील. त्यांनी कागद घेतले, डबाही घेतला, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "यावर कर नाही."

नवरा, श्रीरंग, त्यांची मुलगी कॉलेजात असतानाच हृदयविकारानं गेला होता. तेव्हापासून त्या दोघीच. मुलीचं नाव केतकी. लहानपणीच इथे आलेली, इथेच शिकलेली, आर्किटेक्ट झालेली. शैलाताई मराठीत बोलायच्या आणि केतकी जपानीत उत्तर द्यायची. मधे कधीतरी एखादं मराठी वाक्य यायचं, तेही वाकडंतिकडं. "आई, तू उगाच टेन्शन घेतो," असं ती म्हणाली की शैलाताई म्हणायच्या, "घेतेस. मी बाई आहे." केतकी म्हणायची, "हो, घेतेस. पण नको घेऊ."

केतकीनं घर का घेतलं, ते शैलाताईंनी मला एकदाच सांगितलं. ती सातेक वर्षांची असताना कंपनीचं घर सोडावं लागलं आणि श्रीरंग नि त्या भाड्याच्या जागा बघत हिंडत होते. दोघांचंही जपानी तेव्हा कच्चं. एजंटच्या टेबलाशी दुभाषी म्हणून केतकी. एजंट अतिशय नम्रपणे काहीतरी बोलला. केतकीनं मान वळवून सांगितलं, "आई, घर आहे. पण आपल्याला नाही."

"विचार, का?"

तिनं विचारलं. मग पुन्हा आईकडे बघून म्हणाली, "काही बोलत नाहीत ते. नुसते हसतात."

"सहा ठिकाणी तिनं आम्हाला हेच सांगितलं," शैलाताई म्हणाल्या. "सातव्या ठिकाणी दारातच माझा हात धरून म्हणाली, आई, इथे तूच विचार."

ती मुलगी मोठी झाली आणि पगार बरा मिळायला लागल्याबरोबर कर्ज काढून तिनं ग्योतोकुच्या एका गल्लीत जुनं, लाकडी, दुमजली घर घेतलं. वरच्या मजल्याला बाहेरून लोखंडी जिना होता, स्वतंत्र दार होतं. तो तिनं स्वतःला ठेवला. शैलाताई ओजिमालाच राहिल्या. खालचा मजला भाड्यानं द्यायचा तो फक्त नव्यानं इकडे आलेल्यांना, ज्यांना दुसरीकडे जागा मिळत नाही त्यांना. जामीन मागायची नाही. उलट कचऱ्याची वर्गवारी, गॅस कंपनीचे फोन, पोरांची शाळा, सगळं स्वतः जाऊन समजावून द्यायची. त्या खालच्या मजल्यावर राहून गेलेली कुटुंबं आज सगळीकडे आहेत. आम्ही ओळखतो त्यातलीच चार आहेत.

भाडं आलं म्हणजे विवरणपत्र आलं. पहिल्या वर्षी मायलेकींचं त्यावरून जे भांडण झालं ते आमच्या स्वयंपाकघरात झालं, कारण त्या दोघी जेवायला आल्या होत्या. इथल्या हिशेबात लाकडी घराचं आयुष्य वीस-बावीस वर्षांचं धरतात. दर वर्षी घसारा कापत कापत घराची किंमत उतरवत नेतात. केतकीचं घर तर त्याहून जुनं, त्यामुळे ते चार वर्षांतच संपणार होतं.

"संपणार म्हणजे?" केतकीनं जपानीत विचारलं. आर्किटेक्टच ती, तिला तो अपमान वाटला. "मी पाया बघितलाय. तुळया बघितल्यात. ते अजून चाळीस वर्षं उभं राहील."

"उभं राहू दे. हिशेबात संपेल. शेवटी एक येन किंमत ठेवायची."

"एक तरी कशाला?"

"घर अजून आहे, हे विसरायला होऊ नये म्हणून. शून्य लिहिलं तर कागदावरून नाहीसं होईल ना."

केतकी मराठीत म्हणाली, "छान आहे हे. एक येनच्या घरात मी राहतो."

"राहते."

"राहते!" आणि दोघी हसल्या. तेव्हा कळलं की केतकीचं हसणंही आईचंच आहे.

केतकी गेली ती एका ऑक्टोबरात. ऑफिसमध्ये सकाळी नकाशासमोर उभी होती, डोकं दुखतंय म्हणाली आणि खाली बसली. मेंदूत रक्तस्राव. तेहतीस वर्षांची होती. शैलाताई हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा डॉक्टर बोलायला बाहेर येऊन उभे होते. मी तिथे नंतर पोचले. त्या बाकावर बसल्या होत्या, केतकीचे बूट मांडीवर घेऊन. कुणीतरी ते पिशवीत घालून दिले होते, त्यांनी पिशवी काढून टाकली होती. मला बघून म्हणाल्या, "टाच झिजलीय बघ. सांगत होते, नवे घे."

पहिले काही दिवस लोक येत राहिले. इथल्या घरकर्जाला विमा जोडलेला असतो. कर्जदार गेला की कर्ज फिटतं. बँकेचं तसं पत्रही आलं. एक बाई सांत्वनाला आल्या होत्या, मनानं चांगल्या, पण बोलून गेल्या, "निदान घरावरचा बोजा तरी उतरला हो." शैलाताई उठल्या, आत गेल्या आणि त्या बाई जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "मी हजार लोकांना हे सांगितलंय गं. विमा आहे, काळजी करू नका. किती सहज सांगत होते."

खालच्या मजल्यावर तेव्हा नाशिकची रेवती, तिचा नवरा आणि तान्हं बाळ राहत होतं. महिनाअखेरीला रेवती बाळाला कडेवर घेऊन ओजिमाला शैलाताईंच्या दारात आली आणि रडायलाच लागली. त्यांनी भाडं पाठवलं होतं आणि ते परत आलं होतं. बँकेनं केतकीचं खातं गोठवलं होतं.

"ताई, मला विचारायला कसंतरी होतंय. पण आता कुणाच्या खात्यात घालू?"

शैलाताईंनी बाळाला आपल्याकडे घेतलं. "तू रडू नकोस. बरोबर विचारलंस. आता माझ्या खात्यात."

माणूस गेला की त्याचं त्या वर्षाचं विवरणपत्र वारसांना भरावं लागतं, एक जानेवारीपासून त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतचं. त्याला चार महिन्यांची मुदत असते. सेन्सेईंनी सांगितलं, मी करतो, तुम्ही बघूसुद्धा नका. शैलाताई ऐकेनात. "तिचं पहिलं मी भरलं, हेही मीच भरीन." एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "काही करू नकोस. शेजारी बस."

मी बसले. त्यांनी पेन काढलं, चष्मा पुसला आणि केतकीचं नाव लिहिलं. त्याच्या आधी 'मृत' अशा अर्थाचा जो शब्द लिहायचा असतो तो लिहिला. पगार लिहिला. मग भाड्यावर आल्या आणि थांबल्या. केतकीच्या शेवटच्या महिन्याचं भाडं करारानुसार आधीच्या महिन्याच्या अखेरीला आलेलं होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तिचं," त्या म्हणाल्या. "याच्या पुढचं माझं."

त्यांनी पट्टी घेतली, पण रेघ मारली नाही. पट्टी तशीच कागदावर धरून बसल्या. रडल्या नाहीत. खूप वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या रेघेच्या अलीकडे ती आहे गं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खिडकीबाहेर अंधारून यायला लागल्यावर त्यांनी रेघ मारली. उरलेला कागद भराभर पुरा केला. एकही चूक नव्हती. सेन्सेईंनी तो दुसऱ्या दिवशी सही करताना दोन्ही हातांनी उचलला.

घराच्या नोंदीवर मात्र त्यांनी केतकीचंच नाव राहू दिलं. शहराला कळवून घरपट्टीचं पाकीट स्वतःच्या नावावर घेतलं, कर वेळेवर भरला. पण पाकीट उघडलं की आत, नोंदणीकृत मालकाच्या रकान्यात, केतकी साठे. दर वसंतात ते यायचं. त्या ते घेऊन ग्योतोकुच्या घरी वरच्या मजल्यावर जायच्या आणि तिथे उघडायच्या. वरचा मजला त्यांनी भाड्यानं दिला नाही. खिडक्या उघडायच्या, झाडलोट करायची, कपाटातल्या कोटांना ऊन द्यायचं आणि संध्याकाळी परत ओजिमा. सेन्सेई म्हणाले होते, एवढ्या चांगल्या खोल्या रिकाम्या ठेवता. शैलाताईंनी सांगितलं, "रिकाम्या नाहीत." आणि विवरणपत्रात दुरुस्तीचा, विम्याचा खर्च दाखवताना काटेकोरपणे फक्त खालच्या मजल्याचा दाखवला. जे भाड्याचं नाही त्याचा खर्च वजा मागायचा नाही, एवढं भान त्यांना त्याही दिवसांत होतं.

मग कायदा बदलला. वारसानं आलेल्या घराची नोंद ठरलेल्या मुदतीत वारसाच्या नावावर करणं सक्तीचं झालं. जुन्या नोंदींनाही ते लागू. शैलाताईंनी स्वतः एकेका अशिलाला फोन करून सांगितलं, नोंद बदलून घ्या, टाळू नका, दंड आहे. हे फोन त्या करत असताना सेन्सेई समोर बसून ऐकत असायचे. एक दिवस त्यांनी चहाचा कप ठेवला आणि हळूच म्हणाले, "शैला-सान, तुमचं राहिलंय."

"हो," त्या म्हणाल्या. "माहीत आहे."

आम्ही दोघी नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीमागचा तरुण कारकून कागद तपासता तपासता थबकला. वारसाचं नातं वाचलं असणार. त्यानं उठून मान लववली. शैलाताईंनीही लववली. काही आठवड्यांनी नवा उतारा मिळाला. मला भीती होती की केतकीचं नाव खोडलेलं असेल. तसं नव्हतं. इथे आधीच्या मालकाचं नाव तसंच ठेवतात आणि नव्याचं त्याच्या खाली लिहितात. वर केतकी साठे. खाली शैला साठे. कारणाच्या रकान्यात वारसा, आणि तो ऑक्टोबरातला दिवस.

त्या बाहेरच्या बाकावर बसून तो कागद वाचत होत्या. समोरून शाळेची लहान मुलं पिवळ्या टोप्या घालून रांगेनं चालली होती.

"उलटं झालं गं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझं नाव वर हवं. तिचं खाली." आणि तिथे, त्या सरकारी इमारतीच्या दारात, भर दुपारी, शैलाताई रडल्या. तीन वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हसणं मोठं तसं रडणंही मोठं होतं. चालणारी माणसं वळसा घालून जात होती. मी कागद त्यांच्या हातातून काढून घ्यायला गेले, तो भिजेल म्हणून. त्यांनी सोडला नाही.

त्यानंतर त्या लवकर थकल्या. सेन्सेईंनी वयामुळे ऑफिस बंद करायचं ठरवलं आणि पुण्याहून धाकट्या बहिणीचा सारखा फोन यायला लागला. शेवटी त्यांनी जायचं ठरवलं. घर विकायचं नाही, रेवतीच्या कुटुंबाला हलवायचं नाही. देशाबाहेर राहणाऱ्या घरमालकाला इथे एक कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. सरकारी पाकिटं त्याच्या पत्त्यावर येतात आणि तो कर भरतो. त्यांनी माझं नाव दिलं. देशासाठी एक अर्ज, शहरासाठी वेगळा. मला समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं, एकदा, परत एकदा. "दोन्हीकडे नाव दिलंय तुझं. विसरू नकोस."

"नाही विसरणार, ताई."

"आणि वरची खिडकी पावसाळ्यात फार वेळ उघडी ठेवू नकोस."

आता त्या पुण्यात बहिणीकडे असतात. फोन केला तर आधी रेवतीच्या मुलीची चौकशी करतात, ती आता बालवाडीत जाते. परत येण्याबद्दल त्याही बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टेशनवर पोचवायला ग्योतोकुच्या घरी गेले. शेवटची रात्र त्या तिथेच राहिल्या होत्या. रेवती बाहेर येऊन पाया पडून आत गेली होती. मी गल्लीत त्यांची बॅग धरून उभी होते. शैलाताई वरच्या मजल्याच्या दारातून बाहेर आल्या, कुलूप लावलं, मुठीला धरून दार ओढून पाहिलं, स्वतःजवळची किल्ली पर्समध्ये टाकली. जिन्याकडे वळतील म्हणून मी बॅग उचलली.

त्या वळल्या नाहीत. त्यांनी हात वर केला आणि बेल दाबली. आत, बंद खिडक्यांमागे, ती वाजलेली मला खाली ऐकू आली.

इथली दारं बाहेरच्या बाजूला उघडतात, आतल्या माणसाला दार उघडायला जागा द्यावी लागते. बेल वाजवून शैलाताई अर्धं पाऊल मागे सरल्या आणि उभ्या राहिल्या.